दीपाली अंबरनाथला उतरायची

जूनच्या तोंडावर बदलापुरात दोन गोष्टी एकदम पिकतात. एक जांभळं आणि दुसरे फ्लेक्स. स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात जांभळं मांडून बायका बसतात आणि त्यांच्या डोक्यावर, विजेच्या खांबांना बांधलेले, दहावी-बारावीच्या पोरांचे चेहरे लटकतात. क्लासवाल्यांचे फ्लेक्स, शाळांचे फ्लेक्स, कुठल्यातरी दादा-भाऊंचे फ्लेक्स. गुलाबी पार्श्वभूमी, चेहऱ्याभोवती पिवळं वर्तुळ आणि खाली टक्के. मी चेहरे बघत नाही. मी आकडे वाचते. सत्त्याण्णव. पंच्याण्णव पॉइंट चार. त्र्याण्णव.

मी उल्हासनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. वर्गात मुलांना सांगते, की मार्कांचं एवढं काय घेऊन बसलात. पण या फ्लेक्सखालून जाताना पोटात कच्च्या जांभळासारखं तुरट काहीतरी होतं. त्याला दुसरं नाव द्यायचा मी खूप प्रयत्न केला. पण तो हेवा आहे, सरळसरळ हेवा. ज्यांना मी ओळखतसुद्धा नाही, ज्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही, त्या पोरांचा.

हा हेवा सुरू झाला तो उन्हाळा मला अजून त्याच्या वासासकट आठवतो. घरात कापलेल्या फणसाचा वास होता आणि बाबांच्या शर्टाला रंगांच्या रसायनांचा. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत अधिकारी होते. आम्ही राहायचो बदलापूर पूर्वेला, पण शाळा मात्र अंबरनाथची. खासगी, इंग्रजी माध्यमाची, नावाजलेली. शिशुवर्गात मला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी सोसायटीभर पेढे वाटले होते, असं आई सांगायची. त्या शाळेच्या नावावर माझ्या वाट्याला आलेले पेढे तेवढेच.

आमच्या शाळेत हुशार मुलांना सगळे ओळखायचे, आणि उनाड मुलांनाही सगळे ओळखायचे. हुशारांचे फोटो जिन्यात लागायचे, उनाडांच्या आईबापांना ऑफिसात बोलावणं यायचं. मी मधली. माझं कधी काही चुकायचं नाही आणि कधी काही जमून यायचं नाही. माझं नाव मानसी, पण वर्गशिक्षिका मला कधी मानसी म्हणायच्या, कधी मनाली, एकदा वर्षभर मनस्वी. मी प्रत्येक नावाला 'येस मिस' म्हणायचे. पालकसभेत आईची पाळी आली की मिस वहीचं पान उलटायच्या, पुन्हा उलटायच्या आणि म्हणायच्या, "शी इज फाइन." आई घरी येऊन बाबांना तेच सांगायची. बाबा म्हणायचे, "बरं आहे ना मग. तक्रार नाही." कधीच कुणाची तक्रार न येणं ही काही फार आनंदाची गोष्ट नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दहावीला मला सत्त्याऐंशी टक्के पडले.

हा आकडा मी घरातल्या संगणकावर बघितला तेव्हा पहिले काही क्षण मी खूश होते. खरंच खूश होते. मग मैत्रिणींचे फोन सुरू झाले. नव्वदच्या खाली मी आणि आणखी थोडी जणं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फलक लागला. पंच्याण्णवच्या वरच्यांचे फोटो, नव्वदच्या वरच्यांची बारीक अक्षरांत नावं, आणि त्याखाली शाळेचं बोधवाक्य. आम्ही त्या बोधवाक्याच्याही खाली कुठेतरी होतो, फुटपाथवर. फोनवर आईच्या तोंडी सत्त्याऐंशी हा शब्द एका विशिष्ट सुरात यायचा. शेवटच्या अक्षराला आवाज खाली उतरायचा, जसा आजारी माणसाबद्दल बोलताना उतरतो. "हो, सत्त्याऐंशी. हो ना. बघू आता."

त्याच आठवड्यात बदलापूरजवळच्या चामटोलीहून आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिची भातशेती, तिचे यजमान एका कारखान्यात पाळीवर जाणारे, आणि मुलगी दीपाली, माझ्याच वयाची, गावाजवळच्या मराठी शाळेत शिकणारी. "दादा," आत्या फोनवर ओरडून बोलायची, जणू फोन नाही, शेताचा बांध आहे, "दीपू शाळेत पयली आली! एकोणनव्वद! गावात सत्कार ठेवलाय. तुमी सगळ्यांनी यायचं. मनूला घेऊन यायचं."

आम्ही गेलो. चामटोलीच्या रस्त्यालाच दीपालीचा फ्लेक्स होता, गावच्या पारावर, माणसापेक्षा उंच. ओढणी नीट पिन केलेली, नजर जरा घाबरलेली. देवळाच्या मंडपात सतरंज्या टाकल्या होत्या. बाहेर भातरोपांसाठी राब भाजलेल्या जमिनीचा जळका वास होता. दीपालीच्या गळ्यात झेंडूचा एवढा मोठा हार, की तिची हनुवटी त्यात बुडालेली. शाल, नारळ, फेटा. पोरीला फेटा! म्हातारे तिच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे सरकत होते. दुसऱ्या आलेल्या मुलाला ऐंशीच्या आसपास होते. त्यालाही शाल मिळाली, दप्तर मिळालं. मी बसल्या जागी मनातल्या मनात त्याला खुर्चीवरून उठवलं आणि त्याच्या जागी बसले. सत्त्याऐंशीला मी या गावात दुसरी आले असते. माझ्याही केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या असत्या.

सरपंचांनी माईक हातात घेतला. बाबांकडे वळून मोठ्या आदराने म्हणाले, "साहेब, तुमची मुलगी पण यंदा दहावीलाच ना? ती तर मोठ्या शाळेत. तिला किती पडले?"

सगळा मंडप आमच्याकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, "चांगले पडले." मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "चांगले पडले."

त्यांनी आकडा सांगितला नाही. दीपालीत आणि माझ्यात दोनच टक्क्यांचं अंतर होतं, कुणीही टाळ्याच वाजवल्या असत्या. पण बाबांना तो आकडा आमच्या शाळेच्या फाटकावरून दिसत होता, चामटोलीच्या मंडपातून नाही. परत येताना रिक्षात माझ्या मांडीवर दीपालीच्या सत्काराच्या पेढ्यांचा पुडा होता, आत्याने खास माझ्यासाठी दिलेला. तो पुडा मला रिक्षातून खाली टाकावासा वाटत होता, आणि त्यातला एक पेढा मी खाल्लाही. चांगला होता. त्याचाच जास्त राग आला.

अकरावीला शाळेचंच ज्युनियर कॉलेज होतं, त्याच आवारात, मागच्या इमारतीत. लहानपणापासून आम्ही ती इमारत बघत मोठे झालो होतो, आणि मोठी मुलं तिच्या जिन्यावर उभी राहून हसायची ते बघून मला वाटायचं, एक दिवस मीही तिथे उभी राहून असंच हसेन. शाळेच्या मुलांसाठी इनहाऊस कोटा असतो, म्हणजे काही जागा घरच्यांसाठी राखीव. आई निर्धास्त होती. "आपल्याच शाळेत तर जायचंय," ती म्हणायची.

ऑफिसातल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाल्या, "सर, इनहाऊस पण मेरिटवरच भरतो. आपल्याच शाळेची मुलं एवढी मार्क घेतात, की इनहाऊस नव्वदच्या वरच बंद झाला. सायन्सला खूपच आहे हो. तुम्ही ऑनलाइन फेरीत बघा."

ऑनलाइन फेरीत तिथली सायन्सची यादी अठ्ठ्याऐंशीला थांबली. रेघ नेमकी आमच्या दोघींच्या मधून गेली. मी अलीकडे राहिले, दीपाली पलीकडे गेली. माझ्या शाळेच्या कॉलेजात दीपालीला प्रवेश मिळाला आणि मला मिळाला तो उल्हासनगरला, एका अशा कॉलेजात, ज्याचं नाव आईने दोनदा विचारून घेतलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चामटोलीहून सकाळी लवकर वाहन मिळत नाही, म्हणून आत्या म्हणाली, "दादा, दीपूला दोन वर्षं तुमच्याकडे ठेवा." बाबा लगेच हो म्हणाले. आईही हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. दीपाली मला आवडायची. लहानपणी आम्ही दोघी तिच्या शेतातल्या विहिरीवर पाय सोडून बसायचो. तीच दीपाली एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या कपाटाचे दोन कप्पे तिचे झाले.

त्या घरातल्या दोरीवर माझ्या शाळेचा गणवेश दोन वर्षं वाळत राहिला, आणि तो माझा नव्हता. आकाशी कुडता, खिशावर शाळेचं बोधचिन्ह. आई इस्त्री करताना त्या चिन्हावरून इस्त्री हलकी फिरवायची, पूर्वी माझ्या गणवेशावरून फिरवायची तशीच. पहिल्या दिवशी दीपालीने मला विचारलं, "मानसी, तिथं पाणी प्यायला कुठं जातात? आणि वाचनालय कुठल्या मजल्यावर?" मी सगळं सांगितलं. कुठला नळ थंड पाण्याचा, कुठल्या जिन्याने गेलं की ऑफिस चुकवता येतं, पिंपळाखालच्या बाकावर दुपारी ऊन येतं. माझ्याच घराच्या खोल्या नव्या भाडेकरूला दाखवाव्यात तसं ते होतं. आठवड्याभरात आई तिला विचारायला लागली, "दीपू, तुमच्या वाचनालयात मिळेल का गं हे पुस्तक?" तुमच्या. मी हातातली पोळी तशीच ताटात ठेवली. आईला कळलंही नाही.

सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने निघायचो. दीपाली अंबरनाथला उतरायची. मी तिला दप्तर सावरून फलाटावर उतरताना बघायचे. तो फलाट, तो पूल, पुलावरून दिसणारी ती चिंच, हे सगळं माझं होतं. गाडी हलायची आणि मी पुढच्या स्टेशनावर, उल्हासनगरला, उतरायचे. एका स्टेशनाचं अंतर. तेवढं अंतर मी रोज मोजत होते.

उल्हासनगर मला सुरुवातीला आवडलं नाही, कारण मी आधीच ठरवलं होतं. कॉलेजच्या मागच्या नाल्याचं पाणी कधी निळं असायचं, कधी जांभळट, जिथे जीन्स धुतल्या जायच्या तिथून आलेलं. वर्गाच्या खिडकीतून दिवसभर शिलाई मशीनचा आवाज यायचा. माझ्या बाकावर जिया बसायची. सिंधी, गोरीपान, बोलकी, तिच्या पप्पांचं उल्हासनगरच्याच कॅम्प दोन भागात लेडीज कपड्यांचं दुकान. तिने पहिल्याच दिवशी माझा डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "अरे वा, भाकर! मैं खाऊँगी. तू माझा खा." मी तिचा खाल्ला. नंतर माझी शाळा कळल्यावर तिने डोळे मोठे केले. "उस स्कूल से? मग तू इथे काय करतेस यार? तू तो टॉपर होगी."

"नाही गं," मी म्हटलं. "मी तिथे कुणीच नव्हते."

"छोड ना," जिया म्हणाली. "इथे होशील."

आणि झाले. पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत मी वर्गात पहिली आले. सरांनी नाव वाचलं, मानसी, बरोबर मानसी, आणि वर्गाने मागे वळून बघितलं. त्या दिवशी जिया मला ओढत दुकानात घेऊन गेली. तिचे पप्पा गल्ल्यावर बसूनच म्हणाले, "ये है वो पढ़नेवाली? बैठो बेटा, बैठो." कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून मी कोल्ड्रिंक प्यायले आणि मला खूप आनंद झाला. तो आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. दारात दीपालीच्या चपला दिसल्या आणि मनात आलं, तिच्या कॉलेजात हाच पेपर असता तर? तिथे मी कितवी आले असते? हेव्याचं हे असं असतं. दुसऱ्याचं ताट बघून आपल्या ताटातली भाजी अळणी होते, मीठ तेवढंच असलं तरी.

दिवाळीनंतर दीपाली गप्प व्हायला लागली. सुरुवातीला ती घरी येऊन सगळं सांगायची, आमचे सर, आमची लॅब. मग नुसतं "झालं कॉलेज" एवढंच. पहिल्या सत्राचे मार्क तिने आईला दाखवले नाहीत.

एका रविवारी दुपारी आम्ही गॅलरीत बसून वाल सोलत होतो. आत्याने शेतातले वाल पाठवले होते, आईने मोड आणून भिजवले होते. बोटांना तो हिरवा, उग्र वास. दीपाली एकेक दाणा चिमटीत धरून साल उडवत होती आणि अचानक तिचे हात थांबले.

"मानसी," ती म्हणाली, "तू एवढी वर्षं तिथं कशी बसलीस गं?"

"म्हणजे?"

"तिथं मी कुणीच नाय. गावात मी हात वर केला की सर म्हणायचे, दीपू सोडून दुसरं कोण सांगेल? इथं मी हात वर करते तोवर तिघांचं उत्तर सांगून झालेलं असतं. आता मी हातच वर नाय करत. आणि मॅडम मला दीप्ती म्हणतात. मी एकदा सांगितलं, दीपाली. तर म्हणाल्या, येस येस, दीप्ती." आणि ती रडायला लागली. आवाज न करता, वालाच्या भांड्यात बघत.

"मला मनस्वी म्हणायचे," मी म्हटलं. "वर्षभर."

तिने वर बघितलं. रडतारडता तिला हसू आलं, मग मलाही. आई आतून म्हणाली, "काय चाललंय गं दोघींचं?" आम्ही सांगितलं नाही. त्या दिवशी मला दीपाली पुन्हा आवडली. पण खरं सांगायचं तर रात्रभर एक वेगळीच गोष्ट टोचत राहिली. ही पोरगी सहा महिन्यांत रडली. तिला कळलं, की आपल्याला कुणी बघत नाही आणि हे बरोबर नाही. मी तिथे लहानपणापासून होते आणि एकदाही रडले नव्हते. मला वाटायचं, शाळा अशीच असते. तिच्याकडे तुलना करायला एक मंडप होता, एक गाव होतं, तिला नावाने हाक मारणारे सर होते. मला तिच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला.

अकरावी संपली. दीपाली पास झाली, पण जेमतेम. आत्या आली ती चपला काढायच्या आधीच म्हणाली, "दादा, पोरगी वाळून गेली. ते मोठं कॉलेज नको मला." मग माझ्याकडे वळली. "मने, बारावीला कॉलेज बदलता येतं म्हणतात. तुझ्या कॉलेजात हिला घेतील का गो? तू हायस तर लक्ष ठेवशील."

मी म्हटलं, "घेतील. मी चौकशी करते." उल्हासनगरच्या त्या कॉलेजात, नाल्याकाठच्या त्या वर्गात, मी पहिली होते. आयुष्यात तेवढीच एक जागा होती. दीपाली तिथे आली असती तर काही महिन्यांत सर म्हणाले असते, दीपाली सोडून दुसरं कोण सांगेल?

तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेले. या वेळी ती अंबरनाथला उतरली नाही. गाडी सुटली तेव्हा तिने तो फलाट मागे जाताना बघितला, मी बघते तसाच.

ऑफिसातल्या क्लार्कनी सांगितलं, जागा आहे, अर्ज करा, बोर्डाची परवानगी लागेल, होईल. व्हरांड्यातून केमिस्ट्रीचे सर चालले होते. थांबून म्हणाले, "काय मानसी, सुट्टीतपण? ही कोण, बहीण का?" पुढे जिया भेटली, तिने दीपालीच्या गळ्यातच हात टाकला आणि आम्हाला कॅम्प दोनच्या बाजारात घेऊन गेली. नुकती दुकानं उघडत होती. रस्त्यावर पाणी शिंपडलेलं, अगरबत्तीचा आणि नव्या कापडाचा वास. जियाने आम्हाला दाल-पकवानच्या गाडीवर उभं केलं, दोन प्लेट सांगितल्या आणि पप्पांना किल्ली द्यायला ती दुकानाकडे पळाली.

दीपालीने पकवानाच्या कुरकुरीत पुरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"मानसी, मी इथं यायचं म्हणून नाय आले."

"मग कशाला आलीस?"

"तू रोज सांगायचीस ना, सर असं म्हणाले, जिया तसं म्हणाली. मला वाटायचं, तू मला जळवायला सांगतेस. थापा मारतेस. म्हणून बघायला आले." तिने तुकडा तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाली, "खरं निघालं सगळं. मला तुझा एवढा हेवा वाटतो ना, कधीकधी रात्री तू शेजारी झोपलेली असतेस तर तुला ढकलून द्यावंसं वाटतं."

माझा हेवा? माझा? आजवर कुणी माझ्याकडे बघून 'हे मला हवं होतं' असं म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते कुणी, तर फेटा बांधलेल्या, माझ्या शाळेचा गणवेश घातलेल्या दीपालीने. मला वाटलं, मला शाल मिळाली, नारळ मिळाला, मंडप मिळाला. मी गाडीवाल्याला म्हटलं, "भैया, और एक प्लेट."

"मग ये ना इकडे," मी म्हटलं. त्या क्षणी मी ते मनापासून म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "पारावर माझा फ्लेक्स अजून आहे. उन्हानं तोंड पांढरं पडलंय माझं त्याच्यावर, पण आई काढू देत नाय. तिथून पळून आले तर ती गावात काय सांगेल? आणि एक वर्ष तर राहिलंय. मी काढेन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुला पण नकोच आहे ना मी इथं."

मी पकवान मोडत राहिले. ती हसली. आम्ही तिसरी प्लेट वाटून खाल्ली.

तिने ते वर्ष काढलं. रोज पहाटे उठून, माझ्या टेबलाच्या अर्ध्या भागावर, ओठ हलवत. बारावीला मला तिच्यापेक्षा जास्त पडले, प्रवेश परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त. तिला पनवेलकडे फार्मसीला जागा मिळाली. मी उल्हासनगरलाच बीएस्सी केलं, पुढे एमएस्सी, आणि फिरून त्याच इमारतीत शिकवायला आले. दीपाली आता एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिला न्यायला कंपनीची वातानुकूलित बस येते, तिच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र असतं, आणि मला त्याचा हेवा वाटतो. तिला माझ्या उन्हाळी सुट्टीचा वाटतो. फोनवर आम्ही एकमेकींना सरळ विचारतो. "जळतेस का?" "जळते." हे थट्टेत चालतं, पण ती सगळी थट्टा नसते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

परवा प्रवेशाच्या दिवसांत माझी मदत कक्षात ड्युटी होती. व्हरांड्यात टेबल, डोक्यावर खडखडणारा पंखा, समोर पालकांची रांग. एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीची शाळा मी गुणपत्रिकेवर वाचली. माझीच. पंच्याऐंशी टक्के.

बाई टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, थोडक्यात हुकलं हो तिथलं. नाहीतर आम्ही इकडे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मुलगी मोबाइलवर काहीतरी बघत होती. मान वर करून म्हणाली, "मम्मी, किती वेळा तेच? आय ॲम हॅपी ना. लॅब मस्त आहे इथली, मी बघून आले." मग मला म्हणाली, "मॅम, कँटीन कधी बंद होतं?"

"चारला," मी म्हटलं.

"थँक्यू!" आणि ती जिन्याशी थांबलेल्या मैत्रिणीचा हात धरून जिना उतरत गेलीसुद्धा.

बाई ओशाळल्या. माझ्याकडे बघून, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमची शाळा कुठली?"

मी सांगितली.

"अय्या, हो?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग गोंधळला. "मग तुम्ही इथे कशा?"

"मीही तिथल्या यादीत बसले नाही," मी म्हटलं. "मला सत्त्याऐंशी होते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खालून मुलीची हाक आली, "मम्मी, चल ना, समोसे संपतील!" बाई हसत वळल्या, पदर सावरत भरभर खाली गेल्या. मी व्हरांड्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. मायलेकी आवारातून चालल्या होत्या. मुलगी हातवारे करून काहीतरी सांगत होती, मध्येच मोठ्याने हसत होती. माझ्यापेक्षा दोन टक्के कमी पडलेली पोरगी. आजवर मी हेवा केला तो वरच्यांचा. त्या दुपारी रांगेतले पुढचे पालक खोकून मला आठवण करून देईपर्यंत मी त्या पोरीकडे बघत राहिले, आणि माझ्या सबंध आयुष्यात मला कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता.